कोरियाला निघताना बॅगेत काय न्यावे, काय टाळावे?

विशेष प्रतिनिधी

महाराष्ट्र आणि दक्षिण कोरिया यांचे नाते आता केवळ दूरचित्रवाणी संच आणि मोटारींपुरते उरलेले नाही. पुण्याजवळच्या रांजणगावात 'एलजी इलेक्ट्रॉनिक्स'चा कारखाना आहे, रायगड जिल्ह्यातील विळे-भागाड येथे 'पोस्को'चा पोलाद प्रकल्प आहे आणि तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार 'ह्युंदाई'ने २०२३ मध्ये केला. या उद्योगांमुळे प्रशिक्षणासाठी वा बदलीवर कोरियाला जाणाऱ्या मराठी अभियंत्यांची वाट रुळली आहे. दैजॉन येथील 'काइस्ट', पोहांगमधील 'पोस्टेक' किंवा राजधानी सोलमधील विद्यापीठांत संशोधनासाठी जाणारे विद्यार्थीही आहेत. त्यांच्या पाठोपाठ जोडीदार आणि मुलेही निघतात.

अमेरिका किंवा इंग्लंडला जाणाऱ्याला सल्ला देणारा नातेवाईक प्रत्येक घरात सापडतो. कोरियाच्या बाबतीत तसे नाही. त्यामुळे बॅग भरण्याचे काम बहुधा अंदाजावर, नाहीतर आईच्या मायेवर चालते. पापडाची पाकिटे, लाडवांचे डबे आणि लोकरीचे जाड स्वेटर यांनी बॅग भरते. आणि ज्या वस्तूंवाचून तिथे गेल्यावर खरोखर अडते, त्या घरीच राहतात. गंमत अशी, की या अत्यावश्यक वस्तू वजनाने सर्वांत हलक्या असतात. कागद, औषधाची चिठ्ठी, हिंगाची डबी आणि चालू स्थितीतले भारतीय सिमकार्ड! त्याचप्रमाणे ज्या वस्तूमुळे विमानतळावर सर्वाधिक मनस्ताप होऊ शकतो, तीही चिमूटभरच असते. तिचा उल्लेख पुढे येईलच.

आधी कागदपत्रे

पहिली जागा कागदपत्रांची, आणि तीही हातातल्या बॅगेत. पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यांची अनेकदा 'अपोस्टिल' केलेली प्रत मागितली जाते. एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा, यासाठीच्या हेग कराराची ही मोहोर आहे. भारत या करारात २००५ मध्ये सामील झाला आणि कोरिया २००७ मध्ये. भारतात ही मोहोर परराष्ट्र मंत्रालयामार्फत मिळते. त्याआधी राज्य पातळीवरील साक्षांकन आवश्यक असते. कोरियात पोहोचल्यावर मूळ दाखला कुरिअरने मायदेशी पाठवून हे काम करून घेणे खर्चिक तर असतेच, शिवाय त्यात महिने जातात. जोडीदाराला 'एफ-३' या अवलंबितांच्या व्हिसावर नंतर बोलवायचे असेल, तर विवाहाचा दाखला आधीच अपोस्टिल करून ठेवणे शहाणपणाचे.

मराठी माणसाची खास अडचण नावाची आहे. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या दाखल्यांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, त्यानंतर वडिलांचे आणि काही वेळा आईचेही नाव असते. पारपत्रावर क्रम वेगळा असतो. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत तर तिसराच प्रकार असतो. कोरियातील बँक, दूरध्वनी कंपनी आणि इमिग्रेशन कार्यालय यांच्या नोंदींत नाव अक्षरशः जुळावे लागते. दाखल्यांवरील नावांत फरक असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे इंग्रजीतील प्रतिज्ञापत्र येथूनच करून न्यावे.

नव्वद दिवसांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी नागरिकाने पोहोचल्यापासून ९० दिवसांच्या आत इमिग्रेशन कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे लागते. त्यासाठी ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर आकाराची, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील छायाचित्रे लागतात. ती डझनभर न्यावीत. भारतीय नागरिकांना दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्रही द्यावे लागते. त्याची प्रत जवळ ठेवावी. मुले बरोबर असतील, तर त्यांच्या लसीकरणाची इंग्रजीतील नोंद न विसरता न्यावी. शाळेत प्रवेश घेताना ती मागितली जाते.

कंपनीने बदलीवर पाठवलेल्या नोकरदारांसाठी आणखी एक कागद मोलाचा आहे. भारत आणि कोरिया यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार नोव्हेंबर २०११ पासून अमलात आहे. भारतात भविष्य निर्वाह निधीची वर्गणी सुरू असलेल्या कर्मचाऱ्याने 'ईपीएफओ'कडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' घेतले, तर कोरियाच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत दुहेरी वर्गणी भरण्यापासून त्याची सुटका होते. एका पानाच्या या कागदाअभावी दरमहा पगारातून रक्कम कापली जाऊ शकते.

औषधे: चिठ्ठीविना नकोत

कोरियातील वैद्यकीय सेवा उत्तम आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी नागरिकांना तेथील राष्ट्रीय आरोग्य विम्यात सहभागी होणे २०१९ पासून बंधनकारक झाले आहे. त्यामुळे औषधांचे दुकानच बरोबर नेण्याचे कारण नाही. मात्र भारतीय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेथील दुकानदार औषध देत नाही, आणि प्रतिजैविके तर स्थानिक डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळतच नाहीत. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांसारख्या विकारांची नियमित औषधे पहिल्या काही आठवड्यांसाठी पुरतील इतकी न्यावीत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यावी आणि तीत औषधाच्या व्यापारी नावाबरोबर मूळ घटकाचे नावही लिहून घ्यावे. भारतातील व्यापारी नावे तेथे कोणाला ठाऊक नसतात. घटकाचे नाव मात्र जगभर एकच असते.

खरी सावधगिरी हवी ती झोपेच्या, चिंतेवरच्या आणि काही वेदनाशामक औषधांबाबत. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे कोरियात नियंत्रित गटात मोडतात. ती स्वतःसाठी न्यायची असली, तरी तेथील अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाची परवानगी प्रवासापूर्वी घ्यावी लागते. एकाग्रतेच्या विकारावरील मिथाइलफेनिडेट याच वर्गातले. कोडीन असलेले खोकल्याचे औषध तर सरळ घरीच ठेवावे. भांग किंवा 'विजया' हा घटक असलेली आयुर्वेदिक औषधे कोणत्याही परिस्थितीत नेऊ नयेत. गांजा वर्गातील पदार्थांबाबत कोरियाचा कायदा अतिशय कडक आहे.

चिमूटभर खसखस, ओंजळभर मनस्ताप

प्रारंभी उल्लेख केलेली चिमूटभर वस्तू म्हणजे खसखस. आपल्याकडे ती किराणा दुकानात सहज मिळते. पण ती अफूच्या झाडाचे बी असल्याने कोरियात आणता येत नाही. बेगल या पावावर भुरभुरवायचा एक अमेरिकी मसाला कोरियाच्या विमानतळांवर जप्त होत असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये जगभर झळकल्या. कारण एकच, त्यातली खसखस!

अमेरिकी प्रवाशाच्या पिशवीत ती एका बाटलीत असते. मराठी बॅगेत मात्र ती अनेक ठिकाणी दडलेली असते. अनारशांवर ती दिसते. करंजीच्या आणि मोदकाच्या सारणात, डिंकाच्या लाडवांत आणि थंडाईच्या मसाल्यात ती मिसळलेली असते. गोडा मसाला, मालवणी मसाला आणि कांदा-लसूण मसाला यांच्या अनेक घरगुती पाककृतींतही ती भाजून घातली जाते. दळल्यावर ती दिसत नाही, एवढ्यावरून निर्धास्त राहू नये. कोरियाला जाणाऱ्यासाठी मसाला करताना किंवा फराळ बांधून देताना खसखस वगळणे, हाच सरळ मार्ग होय. चवीत फारसा फरक पडत नाही. विकतचा मसाला घेताना पाकिटावरील घटकांची यादी वाचून घ्यावी. मुंबईहून जाताना अनेकदा मध्ये विमान बदलावे लागते. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर येथेही खसखशीला मनाई आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

इतर खाद्यपदार्थांचे नियम समजायला सोपे आहेत. मांस आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. ताजी फळे नेऊ नयेत. हापूसची पेटी तर नाहीच. कढीलिंबाची ओली पाने, रोपे, पेरणीची बियाणी यांचाही मोह टाळावा. अख्खी कडधान्ये आणि खवा, पेढे यांसारखे दुग्धजन्य पदार्थ क्वारंटाइन तपासणीच्या कक्षेत येऊ शकतात. बॅगेत असे काही असेल, तर सीमाशुल्क घोषणापत्रात त्याची नोंद करावी. घोषित केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेली वस्तू सापडल्यास दंड होतो. कंपनीचे सीलबंद आणि इंग्रजी मजकूर असलेले पाकीट अधिकाऱ्याला समजावणे सोपे जाते, वर्तमानपत्रात बांधलेली पुडी अवघड.

भारतातल्या विमानतळावरही एक अडथळा आहे. सुके खोबरे तेलकट आणि ज्वालाग्राही असल्याने चेक-इन सामानात नेण्यास २०२२ पासून मनाई आहे. खोबऱ्याच्या वाट्या बॅगेतून काढून ठेवाव्या लागल्याचे प्रसंग त्यामुळे घडतात. लोणचे आणि तूप यांना केबिनमध्ये १०० मिलिलिटरचा नियम लागू होत असल्याने ते चेक-इन सामानात, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून ठेवावे. तुपाबाबत विमान कंपनीचा नियमही आधी विचारून घ्यावा.

स्वयंपाकघर: काय मिळते, काय नाही

कोरियन भात आखूड दाण्याचा आणि चिकटसर असतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोराची सवय असलेल्यांना तो परका वाटणार नाही. त्यामुळे तांदूळ वाहून नेण्यात अर्थ नाही. लांब दाण्याचा बासमती मात्र महाग पडतो, कारण ठरावीक कोट्याबाहेरच्या आयात तांदळावर कोरिया ५१३ टक्के शुल्क आकारतो. आले, लसूण, कांदे, बटाटे, मुळा, पालक, कोबी, शेंगदाणे, तीळ यांची तेथे वाण नाही. मूग मिळतो. झणझणीत हिरवी मिरचीही मिळते. तेथील लाल तिखट भरड आणि आपल्यापेक्षा सौम्य असते. किनारपट्टीवरच्या मंडळींनी सुक्या मासळीची चिंता करू नये. सुकवलेले छोटे मासे आणि सुकी कोळंबी हा तर कोरियन स्वयंपाकाचा कणाच आहे.

नेमकी हीच गोष्ट शाकाहारी माणसाच्या वाट्याला अडचण म्हणून येते. किमची ही कोबीची असली, तरी तीत बहुधा खारवलेल्या कोळंबीचा किंवा मासळीचा अंश असतो. भाज्यांचे दिसणारे सूपही सुक्या माशांच्या अर्कात उकळलेले असू शकते. 'भाजी आहे' म्हणजे 'शाकाहारी आहे' असे कोरियात समजून चालत नाही. बौद्ध मठांच्या परंपरेतील अन्न मात्र संपूर्ण शाकाहारी असते आणि त्यात कांदा-लसूणही नसतो. जैन कुटुंबांना हे उपयोगी पडावे. 'मी मांस, मासे आणि अंडी खात नाही' असे कोरियन लिपीत छापलेले छोटे कार्ड खिशात ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

न्यायच्याच तर हिंग, मोहरी, जिरे, हळद, धने, आमसुले आणि खसखशीविना केलेला गोडा मसाला या वस्तू न्याव्यात. भरलेला मिसळणाचा डबा आणि त्यातले पदार्थ दोनदा भरता येतील एवढा साठा पुरेसा आहे. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांना तेथे पर्याय नाही. शिवाय आजारपणात किंवा दमून घरी आल्यावर त्या पटकन कामी येतात. तूरडाळ पहिल्या महिन्यापुरती, एखादा किलो न्यावी. पुढे सोलमधील इतेवॉन परिसर किंवा आन्सान शहरातील वॉनगोक-दोंग येथील विदेशी किराणा दुकानांत डाळी, कणीक आणि मसाले मिळतात. घरपोच मागवण्याचीही सोय आहे. पोहे, रवा, साबुदाणा यांनी बॅग फुगवण्यापेक्षा ते तेथेच घेतलेले बरे.

कुकर, मिक्सर आणि प्लग

कोरियातील वीजपुरवठा २२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा आहे. भारतात तो २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात. घरगुती मिक्सरची मोटार वारंवारितेवर अवलंबून नसल्याने तोही बिनदिक्कत चालतो. ओला रुब्बू मात्र वेगळ्या प्रकारच्या मोटारीवर चालतो; तो नेऊ नये. प्रश्न येतो तो प्लगचा. आपला दोन पिनांचा प्लग तेथील गोल छिद्रांच्या सॉकेटमध्ये बसतो, क्वचित थोडा सैल. तीन पिनांचा प्लग बसतच नाही. त्यामुळे अर्थिंगची सोय असलेले दोन-तीन अॅडॉप्टर येथूनच न्यावेत.

भांड्यांपैकी कुकर उपयोगी पडतो. पण तो इंडक्शनवर चालणारा, म्हणजे स्टीलचा किंवा तशा बुडाचा हवा. अनेक नव्या घरांत गॅसऐवजी इंडक्शनची शेगडी असते आणि साधा अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. कुकरची जादा रिंग, शिटी आणि व्हॉल्व्ह न विसरता न्यावेत, कारण ते तेथे मिळणे दुरापास्त. पोळपाट जड असतो; लाटणे आणि सांडशी मात्र न्यावी. विद्यार्थ्यांनी त्याआधी वसतिगृहाचे नियम पाहावेत. अनेक वसतिगृहांत खोलीत स्वयंपाक करायला मनाई असते. अशा वेळी कुकर वर्षभर कपाटात पडून राहतो.

कपडे, पादत्राणे आणि अंथरूण

सोलमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली असते आणि कडाक्याच्या लाटेत पारा उणे दहा अंशांच्याही खाली उतरतो. म्हणून मुंबई-पुण्यात जाड कोट शोधत फिरण्याची गरज नाही. तेथील थंडीला साजेसे कोट तेथेच चांगले मिळतात. डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान पोहोचणाऱ्याने विमानतळापासून घरापर्यंत पुरेल असा एक कोट, उबदार अंतर्वस्त्रांचे दोन जोड आणि कानटोपी एवढेच न्यावे. घरे जमिनीखालून तापवली जातात. 'ओंदोल' नावाची ही पद्धत कोरियाची जुनी ओळख आहे. त्यामुळे घरात पातळ सुती कपडेच लागतात. जूनअखेर ते जुलैअखेर पावसाळा असतो आणि त्या काळातला दमट उकाडा कोकणची आठवण करून देतो. सुती कपडे म्हणूनच भरपूर न्यावेत.

अंगापिंडाने थोराड असलेल्यांनी मात्र मापाचा विचार आधी करावा. तेथील कपडे सडपातळ बांध्यासाठी शिवलेले असतात आणि पादत्राणांची मापे मिलिमीटरमध्ये असतात. पुरुषांना २८० मिलिमीटरच्या आणि महिलांना २५० मिलिमीटरच्या पुढचे माप साध्या दुकानात सहज मिळत नाही. अशांनी पादत्राणांचे दोन जोड आणि अंतर्वस्त्रे येथूनच न्यावीत. घरात आणि अनेक उपाहारगृहांत जोडे बाहेर काढावे लागतात. लेस नसलेले जोडे सोयीचे.

अंथरुणाच्या बाबतीत सोलापूरचा मान मोठा! कोरियन घरांतून अंग पुसायला छोटे टॉवेल वापरतात. आपल्यासारखा लांबरुंद टॉवेल शोधावा लागतो. सोलापुरी टॉवेलचे दोन नग आणि एक चादर, यांना बॅगेत जरूर जागा द्यावी. डिओडरंट तेथे मिळते, पण निवड मर्यादित असते. सावळ्या वर्णाला जुळणारी प्रसाधनेही सहज सापडत नाहीत. चष्मा मात्र नवा करून नेण्याची घाई करू नये. नंबरची चिठ्ठी नेली, तर तेथे तो झटपट आणि किफायतशीर दरात बनतो.

मोबाइल, बँक आणि ओटीपी

परदेशात पोहोचलेल्या अनेकांची पहिली कोंडी होते ती ओटीपीमुळे. भारतीय बँकेचा सांकेतिक क्रमांक भारतीय मोबाइलवर येतो, आणि तेच सिमकार्ड निघताना बंद केलेले असते! निघण्यापूर्वी त्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, एखादा संदेश येतो की नाही ते पाहावे आणि क्रमांक चालू राहील एवढा रिचार्ज नियमित करत राहावा. दोन सिमकार्डांचा फोन असल्यास एका जागी भारतीय आणि दुसऱ्या जागी कोरियन क्रमांक ठेवता येतो.

कोरियन बँक खाते आणि स्वतःच्या नावाचा मोबाइल क्रमांक बहुधा नोंदणीचे ओळखपत्र हाती आल्यावरच सुरळीत मिळतो, आणि ते मिळायला काही आठवडे लागतात. तोवर फॉरेक्स कार्ड आणि थोडी वॉन चलनातील रोकड यांवर भागवावे लागते. भाड्याच्या घरासाठीची अनामत रक्कम आपल्याकडच्यापेक्षा बरीच मोठी असते. तिची तजवीज आधीच करावी. दहा हजार अमेरिकन डॉलरहून अधिक रक्कम जवळ असल्यास ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे घोषित करावी लागते. अनिवासी झाल्यावर भारतातील साधे बचत खाते 'एनआरओ' प्रकारात बदलून घ्यावे लागते. तो अर्जही निघण्यापूर्वीच समजून घ्यावा. घर, सदनिका किंवा कर्जाचे व्यवहार मागे राहत असतील, तर विश्वासू नातलगाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे.

पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. कोरियन विमान कंपन्यांच्या विमानांत मार्च २०२५ पासून ती डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवता येत नाही. ती आपल्याजवळच ठेवावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये बुसानच्या विमानतळावर एका विमानाला आग लागल्यानंतर हा नियम कडक झाला. पोहोचल्यावर रस्ता शोधण्यासाठी 'नेव्हर मॅप' किंवा 'काकाओ मॅप' आणि बोलण्यासाठी 'काकाओटॉक' ही अॅप येथूनच उतरवून घ्यावीत. नेहमीचा गुगल नकाशा तेथे पुरेसा उपयोगी पडत नाही.

शेवटचा हिशेब

चेक-इन सामानाची मर्यादा बहुतेक तिकिटांवर २३ किलोच्या आसपास असते. विद्यार्थ्यांना काही विमान कंपन्या थोडी सवलत देतात. त्यामुळे प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: ही तिथे मिळत नाही, की तिथेही मिळते पण आपल्याला तिची सवय आहे? पहिल्या प्रकारची वस्तू आधी भरावी. दुसऱ्या प्रकारची उरलेल्या जागेत. कागदपत्रे, औषधाची चिठ्ठी, चालू मोबाइल क्रमांक, मसाल्यांचा छोटा डबा, अॅडॉप्टर आणि मापाचे जोडे एवढे बरोबर असले, तर बाकीचा संसार कोरियात उभा करता येतो. आईने दिलेल्या लाडवांनाही जागा मिळायलाच हवी. फक्त ते वळण्यापूर्वी, त्यात खसखस नको, एवढे तिला सांगून ठेवावे.